नासपतीचं उपाशी पिंप

आमच्या शेजारचे म्हातारबा आणि त्यांची सून यांचं सकाळीच जुंपलं, तेही एका पिंपावरून. मागच्या दारी पत्र्याच्या छपराखाली वाइनसाठी भरलेलं नासपतीच्या लगद्याचं पिंप होतं, आणि चार दिवस झाले तरी ते आंबायचं नाव घेईना. झाकणाच्या नळीतून एक बुडबुडा येईल तर शपथ. गेल्या साली असाच सगळा लगदा वाया गेला होता. तेव्हा म्हातारबांनी अख्ख्या आळीला ऐकवलं होतं, पुन्हा असं झालं तर झाडं तोडून कांदे लावीन. झाडं त्यांनीच हातानं लावलेली. पण आता शब्द मागे कसा घेणार?

सून म्हणाली, लगदा आंबवणारं यीस्ट उपाशी आहे, नासपतीत त्याला पुरेसं खायला नसतं. तिनं यीस्टच्या खाद्याची पुडी आणली, निम्मी कोमट पाण्यात विरघळवून लगद्यात ढवळली, निम्मी आणखी दोन दिवसांनी टाकायला फळीवर ठेवली. "आता पिंपालाही जेवायला वाढा," म्हणत म्हातारबा तोंड फिरवून बसले.

संध्याकाळी नळी बुडबुडू लागली आणि म्हातारबांचा नूरच पालटला. त्यांनी खुर्ची उचलून पिंपापाशीच मुक्काम ठोकला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोलायला सांगू लागले. तिसऱ्या दिवशी सून बागेत गेली आणि इकडे बुडबुडे जरा मंदावले. म्हातारबा खुर्चीवरून ताडकन उठले. कुंपणावरून आम्हाला हाक मारून विचारलं, हे मरत तर नाही ना? आम्हाला त्यातलं काय कळतंय? आम्ही म्हटलं, भूक लागली असेल.

चूक आमचीच. त्यांनी उरलेली पुडी कोरडीच्या कोरडी पिंपात रिकामी केली.

लगदा असा फसफसून वर आला की आम्ही कुंपणापासून चार पावलं मागे सरलो. म्हातारबांनी झाकण दाबलं, ते पुरेना, म्हणून चढून त्यावरच बसले. चारी बाजूंनी फेस वाहू लागला. तेवढ्यात सून धावत आली.

"मामंजी, पाण्यात विरघळवून टाकलंत ना? कोरडं पडलं की सगळं उतू जातं!"

"उपाशी जिवाला पाण्यात कालवून कोण देतं गं?"

झाकण त्यांच्यासकट दोन बोटं वर आलं. सुनेला हसू आवरेना. "निम्मं तर वाहून गेलं, मामंजी. मग, झाडं तोडायची का?"

म्हातारबांनी पिंपाचा काठ घट्ट धरला.

"तोडायची कशाला? दम आहे त्यांच्यात. मला उचललं की."