सात मेलेले बोर्ड

विसातले सात बोर्ड मेले हे कळल्यावर गॅव्हन थर्लीने काय केलं, तर सातही पाकिटं न फोडता खणात टाकली आणि खण लावून घेतला. शहाणा माणूस पाकीट उघडतो, आत काय बिघडलंय ते बघतो. गॅव्हनला बघायचंच नव्हतं. काय बिघडलंय ते आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची पक्की खात्री होती. बिघडले होते ते त्याचे हात.

बेटावरच्या बर्नी शहरातल्या कागद कारखान्यात सव्वीस वर्षं त्याने मापयंत्रं दुरुस्त केली होती. कारखाना बंद झाला, बरोबरचे लोक बेट सोडून मेनलँडला पांगले, काहीजण बागेत बटाटे लावत बसले. गॅव्हनने आपली हत्यारांची पेटी उचलली आणि विन्यार्ड गावातल्या शेडमध्ये एक टेबल धरलं. शेड म्हणजे गावातल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांची कार्यशाळा. कुणी खुर्च्या करतं, कुणी होड्या रंगवतं आणि सगळे मिळून भरपूर चहा पितात. तिथे गॅव्हनच्या हातांना मान होता. गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाली, जिवाला धोका नाही, पण हे वाढत जाणार. ही गोष्ट त्याने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नाही. कप डाव्या हाताने धरायला लागला, एवढंच.

आता हे बोर्ड काय होते ते सांगायला हवं. तळहातावर मावेल एवढं यंत्र: एक चिप, एक पंखा आणि तांदळाच्या कणीहून बारीक असे साठ-सत्तर भाग. वीज दिली की ते दिवसरात्र एक आकडा ओळखत बसतं. जगभरात लाखो यंत्रं तोच आकडा ओळखत असतात आणि ज्याचा आधी जुळेल त्याला बिटकॉइन मिळतात. मोठ्या कंपन्यांची गोदामंच्या गोदामं या कामाला जुंपलेली असताना गॅव्हनच्या एवढ्याशा यंत्राचा नंबर लागणं जवळजवळ अशक्य. घेणाऱ्यांनाही ते माहीत असतं. गळ टाकून धक्क्यावर बसणारा माणूस रोज मासा घेऊनच घरी जातो असं थोडंच आहे. शिवाय यंत्र जरा कोमट राहतं. इथे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला जूनमध्ये हिवाळा असतो, तेव्हा मांजर त्याला चिकटून झोपतं, आणि तेवढ्यावर बरेच लोक खूश असतात.

कंपन्या आपली रचना कडीकुलपात ठेवतात याचा मात्र गॅव्हनला मनापासून राग होता. म्हणून तो भंगारात निघालेल्या मोठ्या यंत्रांमधून चिपा उपसायचा, बोर्ड स्वतः आखायचा आणि आराखडा इंटरनेटवर उघडा टाकायचा. ज्याला हवा त्याने घ्यावा, चूक दिसली तर सांगावी. पोलंडच्या, ब्राझीलच्या कधी न पाहिलेल्या माणसांनी त्याच्या चुका काढल्या होत्या आणि त्याने प्रत्येकाला नाव घेऊन आभाराचं पत्र धाडलं होतं. परक्यांची मदत घ्यायला तो कधी लाजला नाही. त्याला लाज वाटायची ती ओळखीच्यांची.

पहिली वीस यंत्रं त्याने बेटावरच्या वीस हौशी लोकांना दिली होती. ती नीट चालली तर पुढची पन्नास करायची, असं ठरलं होतं. ती चालली नाहीत तर आपण टेबल सोडायचं, हे त्याने एकट्याने ठरवलं होतं. टेबल सोडल्यावर दिवसभर काय करायचं याचा विचार मनात आला की तो उठून उगाच ब्रश धुवायला जायचा.

पण परतीची पाकिटं शेडच्या पत्त्यावर येत होती, म्हणजे लपवणार कुणापासून? शेड चालवायचा लॉरी ब्रॅमिच. बाहत्तर वर्षांचा सुतार, आवाज करवतीसारखा. पाचव्या दिवशी सकाळी तो गॅव्हनच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"खणात अंडी उबवतोयस का?"

"बघतो रे. सवडीने बघतो."

"सवडीने नाही. दहाच्या चहाला आण."

दहाच्या चहाचा नियम शेडमध्ये सगळ्यांना लागू होता. आपली बिघडलेली वस्तू टेबलावर ठेवायची आणि काय बिघडलं ते मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सबब सांगायची नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्या कुणी ब्रही काढायचा नाही. जो लपवेल त्याने महिनाभर सगळ्यांचे कप विसळायचे. लॉरीनेच एकदा चर्चचा दरवाजा दोन इंच तोकडा कापून लपवला होता आणि अख्खा ऑगस्ट कप विसळले होते.

दहा वाजता गॅव्हनने सात पाकिटं टेबलावर ओतली. तिथे लॉरी होता, आणखी तिघेजण होते आणि खिडकीशी एनिड कॅशन होती. चौऱ्याहत्तर वर्षांची एनिड चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवत होती. बर्नीपासून स्मिथटनपर्यंत निम्मे म्हातारे तिच्या हातचं हसतात, असं लॉरी म्हणायचा. आता ती शेडमध्ये घड्याळं दुरुस्त करायची, किंवा तसं सांगायची.

"हे सात मेले," गॅव्हन म्हणाला. "पाकिटं फोडली नाहीत, कारण काय बिघडलंय ते मला माहीत आहे. माझा हात थरथरतो. वर्ष झालं. डॉक्टर म्हणते, थांबणार नाही. एवढे बारीक भाग सोल्डर करायची आता माझी लायकी राहिली नाही. मी लोकांना खराब वस्तू दिली, आणि ते लपवायला बघत होतो. उरलेले तेरा परत मागवतो आणि बंद करतो हे सगळं. झालं माझं."

इतकं तो शेडमध्ये एका दमात कधी बोलला नव्हता. लॉरीने बिस्किटांचा डबा उगाच इकडचा तिकडे सरकवला.

"हात थरथरतो हे सांगायला वर्ष लावलंस?" शेवटी तो म्हणाला. "लेका, मार्चपासून मी तुझा कप अर्धाच भरतोय. तुला काय वाटलं, मी दूध वाचवतोय?"

एकजण हसला. गॅव्हनला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं जरासं सरकलं. म्हणजे यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही रोज सकाळी हे त्याला गळक्या किटल्या दाखवायला आणत होते.

एनिडने मात्र एक पाकीट फोडलं, बोर्ड काढला, पंखा उतरवला आणि बोर्ड आपल्या जुन्या भिंगाखाली धरला. कवळ्यांच्या दुकानातून आणलेलं ते भिंग तिने शेडला दिलं होतं. बराच वेळ बघून ती बाजूला झाली.

"बघ तरी," ती म्हणाली.

"काय बघू? माहीत आहे मला."

"तुला काही माहीत नाही, बाबा. ये इकडे."

गॅव्हन वाकला. वीज आत येते त्या खाचेपाशी एक चौकोनी भाग होता, वीज उतरवून चिपला पुरवणारा. त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं आणि कडा काळ्या झाल्या होत्या. सोल्डर सुटलेलं नव्हतं, भाग वाकडा बसलेला नव्हता. तो जळाला होता. सोल्डर चुकल्याने असं होत नाही. असं होतं ते भलतीच वीज आत सोडल्यावर.

त्याने दुसरं पाकीट फोडलं, तिसरं फोडलं. सगळीकडे तेच भोक. मग तो फोनकडे गेला आणि स्टॅन्ली गावच्या हाइनला फोन लावला. हाइन मासेमार होता. त्याचा बोर्ड सगळ्यांत आधी मेला होता.

"हाइन, यंत्राला वीज कुठून दिलीस?"

"बोटीतला अडॅप्टर होता की. बरोबर बसला."

"किती व्होल्टचा?"

"बाराचा. माझ्याकडे सगळं बाराचंच असतं, गड्या. बोट बाराची, कॅरॅव्हॅन बाराची, रेडिओ बाराचा. का, तुझं कितीचं आहे?"

"पाचचं."

"अरे देवा," हाइन म्हणाला. "मग मी मारलं की ते."

"तू नाही. मी."

उरलेल्या सहांपैकी तिघे बोटवाले, दोघे कॅरॅव्हॅनवाले आणि एक रेडिओवाला होता. बेटावर हौशी माणूस म्हटला की त्याच्या खणात बारा व्होल्टचे चार अडॅप्टर सापडणारच, आणि गॅव्हनने बोर्डाला नेमकी तशीच गोल खाच ठेवली होती, कारण तसल्या खाचांचा एक डबा त्याच्याकडे पडून होता. पाच व्होल्ट असं छापलं होतं खरं, पण ते वाचायला एनिडचं भिंग लागलं असतं. खुद्द गॅव्हनच्या खणातही बाराचे सहा पडले होते. पोलंडच्या माणसाला ही चूक दिसली नाही यात नवल नव्हतं. ही चूक इथल्या माणसाने करायची आणि इथल्याच माणसांनी तिला बळी पडायचं.

"म्हणजे हात नाही," लॉरी म्हणाला. "डोकं."

"डोकं," गॅव्हनने कबूल केलं. डोक्याची चूक सुधारता येते. फोनला असते तशी चपटी खाच लावली की काम झालं. त्याला एकदम हलकं वाटलं आणि तो पुन्हा भिंगाशी गेला, आपलं काम डोळे भरून बघायला.

तेव्हा त्याला आकडे दिसले. त्या कणीएवढ्या भागांवर बारीक आकडे छापलेले असतात. भाग उलटा बसवला तरी चालतो, काही बिघडत नाही, म्हणून गॅव्हनने जन्मात कधी त्यांची दिशा बघितली नव्हती. या बोर्डावर सगळे आकडे एकाच बाजूने वाचता येत होते. समोरच्या दातांसारखे ओळीत. सोल्डरचा प्रत्येक थेंब सारखा होता, आणि त्याच्या हातून नेहमी राहतो तो पिवळा चिकट डाग कुठेच नव्हता. सातही बोर्ड तसेच होते. आपलं काम माणूस अक्षरासारखं ओळखतो, आणि हे अक्षर त्याचं नव्हतं.

त्याने मान वर केली. एनिड खिडकीबाहेर बघत होती.

"गुरुवारी," तो म्हणाला. गुरुवारी तो बारा वाजता दवाखान्यात जायचा आणि बोर्ड टेबलावरच असायचे.

"गुरुवारी," ती म्हणाली.

गॅव्हन उठला, बाहेर गेला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या. आधी त्याला राग आला. आपल्या पाठीमागे, आपल्याला न विचारता, सगळ्यांना माहीत असताना. त्याने बोर्डाचा फोटो इंटरनेटवर टाकला तेव्हा पोलंडच्या माणसाने लिहिलं होतं, काय सुरेख सोल्डर आहे. आणि ते पत्र त्याने दहाच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, दोनदा. एनिड तेव्हा समोर बसून सॉसेज रोल खात होती. हे आठवून त्याचे कान तापले.

मग तो हिशेब करायला लागला, कारण रागावलेला असला तरी तो मापं घेणारा माणूस होता. एका बोर्डावर साठ-सत्तर भाग. प्रत्येक भाग काढायचा, पुसायचा, फिरवून पुन्हा बसवायचा. घाई केली तरी बोर्डाला तीन तास. वीस बोर्ड. साठ तास ही बाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी मान वाकवून बसली होती, आणि एकदाही तिने ते त्याच्या कानावर येऊ दिलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, सोड आता, तुला नाही जमत. ती तसं म्हणाली नाही. तिने त्याला आणखी एक वर्ष त्याचं टेबल वापरू दिलं. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. त्याचे डोळे भरून आले. गाडीत कुणी नव्हतं, म्हणून त्याने ते पुसले नाहीत.

पाऊण तासाने तो आत आला. बाकीचे आपापल्या कामाला लागले होते, किंवा तसं दाखवत होते.

"रागावलास?" एनिडने विचारलं.

"रागावलो होतो. पाऊण तास."

"बरं. माझ्या हिशेबाने आठवडा लागला असता."

"एनिड, मला नीट बोलता येत नाही, तरी ऐकून घे. त्या बोर्डांमुळे मी सकाळी उठत होतो. ते तुझ्या हातामुळे चालत होते. मी तुझे आभार मानतो. चेष्टेत नाही, खरंच मानतो."

शेडमध्ये करवत थांबली. या गावात असं तोंडावर कुणी कुणाला म्हणत नाही, त्यामुळे एनिडला कुठे बघावं ते कळेना. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"तुझे आकडे तिरके असतात," ती म्हणाली. "मला बघवत नाहीत."

"म्हणून सांगतो, आता लपून नको. पुढचे पन्नास तू कर, माझ्यासमोर. मी आखतो, भाग मोजून देतो, कुठला कुठे ते वाचून दाखवतो. हात तुझे."

"आणि दहाच्या चहाला काय सांगशील?"

"खरं तेच. आत्ता वीसही जणांना लिहितो. खाच चुकली ती माझी. सोल्डर एनिड कॅशनचं, त्यात काही चूक सापडली नाही."

त्याने तिथेच बसून ते पत्र लिहिलं. उजव्या हाताच्या बोटांनी नको ती अक्षरं दोनदोनदा दाबली गेली आणि ती खोडायला वेळ लागला, पण हात टेबलाखाली घ्यावा असं त्याला वाटलं नाही. हाइनचं उत्तर जेवायच्या आत आलं. नवा बोर्ड झाला की पहिला मलाच पाठव, आणि त्या बाईंना सांग, माझी वरची कवळी त्यांचीच आहे, अजून ठणठणीत आहे.

चपट्या खाचेचे बोर्ड छापून यायला तीन आठवडे लागले. पहिल्या गुरुवारी दोघं एका टेबलाशी बसली. गॅव्हन यादी वाचत होता, एनिड चिमट्याने एकेक भाग उचलत होती. बाविसावा भाग बसवून तिने मान सरळ केली आणि बोटं मोडली.

"माझ्या हातांचीही आता चार-पाच वर्षं फार तर," ती म्हणाली. "पुढे काय करायचं?"

"पुढे तुझे थरथरायला लागले की मला सांगायचं. त्याच दिवशी."

"आणि तू काय करणार? तुझे तर आधीच थरथरतात."

"मी तुझा कप अर्धा भरीन," गॅव्हन म्हणाला, "आणि कुणाचा तरी हात शोधून आणीन. तेविसावा, दहा किलो ओहम. आकडा सरळ ठेव."