नऊच्या जागेवर लाल चकती

मित्रांनो, कोपऱ्यांना गंज चढलेला, खाऱ्या हवेने फुगलेला आणि हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला जो फळा या भिंतीवर दिसतो, तो मी. मी जुना झालो असलो तरी मला सगळं आठवतं. माझ्यावर खडूने कोणी लिहीत नाही. माझ्या पत्र्यावर फुटबॉलचं मैदान रंगवलेलं आहे आणि त्यावर चुंबकाच्या चकत्या सरकवून संघ मांडतात.

तुर्भ्याच्या एका लहान कारखान्यात मला घडवलं आणि नऊ वर्षांपूर्वी उलव्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या खोलीत आणून टांगलं. हा क्लब देशातल्या सर्वात मोठ्या लीगमध्ये खेळतो. माझ्याबरोबर दोन रंगांच्या चकत्या आल्या: परदेशी खेळाडूंसाठी लाल, आपल्यांसाठी पिवळ्या. मैदानावर एका वेळी चार परदेशी चालतात.

मांडण्याची पद्धत ठरलेली होती. आधी लाल चकत्या लागायच्या. एक बचावाच्या मधोमध, दोन मैदानाच्या मध्यावर आणि एक सर्वात पुढे, समोरच्यांच्या गोलापाशी, नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या जागेवर. मग उरलेल्या जागांवर पिवळ्या. त्या बहुतेक कडेला. दोनशेच्या वर सामने माझ्यावर मांडले गेले. त्यांतल्या एकाही सामन्याच्या सुरुवातीला नऊच्या जागेवर पिवळी चकती लागली नाही. बाकीच्या क्लबांचे फळे मी पाहिलेले नाहीत, पण तिथून आलेले खेळाडू सांगत, की तिथेही असंच चालतं.

क्लबने करंडक जिंकला त्या वर्षी माझंही कौतुक झालं. टीव्हीवाले आले, प्रशिक्षक राजवर्धन सरांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढला. तिकिटं मिळेनाशी झाली. लीग दणक्यात चालली आहे असं सगळेच म्हणत होते आणि ते खरं होतं.

त्याच वर्षी हितेश आला. तळवली गावचा, बावीस वर्षांचा. राज्याच्या लीगमध्ये सोळा सामन्यांत एकोणीस गोल मारून आलेला. राजवर्धन सर मूळचे कोल्हापूरचे, तिथल्या तालमीच्या फुटबॉल संघात वाढलेले. तरुणपणी ते स्वतः नऊ नंबरवर खेळायचे. त्यांनी हितेशच्या नावाची पिवळी चकती उचलली आणि मागे, उजव्या कडेला, बचावात लावली.

"सर, मी स्ट्रायकर हाय," हितेश म्हणाला.

"तळवलीत असशील. इथं न्हाईस. पळतोस झकास, पळ कडेनं."

"माझे गोल बघितले नाय का तुमी?"

"बघितलं की. ते गोल हितं चालत न्हाईत, लेका."

तीन वर्षं हितेश कडेने पळाला. त्र्याहत्तर सामने खेळला. बचावातला चांगला खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं. सराव संपला की तो एकटाच थांबून रिकाम्या गोलात चेंडू मारायचा. सर खिडकीतून ओरडायचे, "पाय दुखवून घेशील! तुझं काम न्हाई ते!" काही दिवसांनी त्याने तेही सोडलं.

एका संध्याकाळी सगळे याच खोलीत बसून देशाच्या संघाचा सामना पाहत होते. समोरचा संघ क्रमवारीत आपल्यापेक्षा बराच खाली होता. नव्वद मिनिटं झाली, शून्य-शून्य.

"एवढी मोठी लीग आपली, आन् ह्यांना एक गोल मारता येत न्हाई!" सर म्हणाले. "लाज आणली."

सामान सांभाळणारे हौसेराव हसले. "सर, गोल मारायला परदेशातनं मानूस भाड्यानं नाय ना आनता येत त्यांना."

सरांनी हौसेरावांचं हसण्यावारी नेलं. पण मागून हितेश बोलला, "मारनार कोन सर? नऊ नंबर तुमी कोनाला शिकवलाय?"

सर उठले, माझ्यापाशी आले, हितेशची चकती काढून त्यांनी खालच्या पट्टीवर ठेवली. "दोन सामने बाहेर बस. तोंडाला इश्रांती."

मित्रांनो, चकती काढायला अर्धा सेकंदही लागत नाही. ते काम माझ्याच अंगावर होतं, म्हणून मला त्याचा राग येतो.

मार्च महिन्यात लीगचे शेवटचे दोन सामने उरले होते आणि आमचा परदेशी स्ट्रायकर घोट्याला दुखापत होऊन बसला. त्याच दिवशी देशाच्या प्रशिक्षकांचा सरांना फोन आला. पुढे खेळणारा माणूसच त्यांना मिळत नव्हता. हितेशचे राज्य लीगमधले जुने गोल त्यांनी पाहिले होते. या दोन सामन्यांत त्याला पुढे खेळवा, मला बघायचंय, एवढीच त्यांची विनंती होती.

हितेशला हे कळलं. दुसऱ्या दिवशी तो सर्वांच्या आधी खोलीत आला आणि स्वतःच्या हाताने त्याने आपली चकती नऊच्या जागेवर लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिथे पिवळा रंग बसला होता. ती तिथे जेमतेम दहा मिनिटं राहिली.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"मी. दोनच सामने द्या सर. नाय जमला तर परत कधी तोंड उघडनार नाय."

डोक्यावरून विमान गेलं. त्या आवाजाच्या वर सर ओरडले, "दोन सामने हरलो तर माझी नोकरी जाईल. तुझी हौस भागवायला क्लब न्हाई हा."

"मंग देशाच्या टीममधी मी काय शिकून जाऊ?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं."

सरांनी त्याची चकती मागे नेऊन लावली. मग राखीव परदेशी खेळाडूची लाल चकती उचलली. तो सहा फूट चार इंच उंचीचा बचावपटू होता, जन्मात कधी पुढे खेळला नव्हता. त्या चकतीला नऊची जागा मिळाली. तो सामना आम्ही एक-शून्य जिंकलो. चेंडू त्या बचावपटूच्या खांद्याला लागून आत गेला होता. पुढचाही सामना त्यालाच पुढे उभं करून खेळलो आणि हरलो नाही. सरांचं बरोबर ठरलं आणि बरोबर ठरलेल्या माणसाला कोण काय विचारणार?

तरी देशाच्या संघात हितेशची निवड झाली. दुसरं कोणी नव्हतंच. आशियाई स्पर्धेत जाण्यासाठी शेवटच्या सामन्यात एक गोल हवा होता. सर, हौसेराव आणि उरलेले खेळाडू इथेच टीव्हीसमोर बसले होते. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू हितेशच्या पायाशी आला. समोर फक्त गोलरक्षक, अंतर दहा पावलं. हितेशने मान वळवली, उजव्या कडेला पाहिलं आणि चेंडू तिकडे ढकलला. तिथे कोणीच नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला आणि आपण स्पर्धेबाहेर.

सगळ्यांच्या फोनवर देशभरातून त्याला पडणाऱ्या शिव्या दिसत होत्या. सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बघितलंसा? म्हणूनच मी ह्याला तिथं लावत नव्हतो."

हौसेरावांनी टीव्ही बंद केला. "तुमी लावत नव्हता, म्हनूनच हा झाला," ते म्हणाले आणि चहाचे कप गोळा करायला लागले.

हितेश आठवड्याने आला, आपलं सामान न्यायला. सरांनी त्याच्यासमोर तीन वर्षांचा नवा करार ठेवला. कडेच्या बचावासाठी.

"एकच सांग," सर म्हणाले, "मारला का न्हाईस?"

"गोल दिसलाच नाय सर. कड दिसली. तीन वर्षं तीच बघत व्हतो."

सरांनी पेन पुढे केलं. "सही कर. दुसरीकडं तुला कोण घेणार?"

"खालच्या लीगमधला एक क्लब घेतोय. नऊ नंबर देतायत."

"तिथं कोण येणार बघायला? देशाचा कोच? टीव्ही?"

"कोन नाय येनार," हितेश म्हणाला. "मीच बघीन. गोल परत दिसतो का, ता."

करार तसाच ठेवून तो गेला. हौसेरावांनी त्याची चकती पुसली आणि वरचं नाव खरवडून काढलं.

मित्रांनो, आज सकाळी त्याच चकतीवर नवं नाव लिहिलं आहे: अभिराम. उरणचा आहे, वय वीस, मागच्या वर्षी बावीस गोल. तो दारात उभा आहे आणि सरांनी चकती चिमटीत धरली आहे. नऊच्या जागेवर लाल चकती आधीच लागलेली आहे. सरांचा हात डाव्या कडेकडे चालला आहे.

मी पत्रा आहे. जिथे ठेवतील तिथे धरून ठेवणं एवढंच मला येतं. पण उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी चिमटीत अशी चकती असेल. ज्याला गोल मारता येतो त्याला गोलासमोर उभं करा. तो चुकेल, सामना हरेल, लोक तुम्हाला नावं ठेवतील. पुढच्या शनिवारी त्याला पुन्हा तिथेच उभं करा.