आई दिव्यांचे पापे घेते

"आई, तू गाड्यांच्या दिव्यांचे पापे का घेतेस?"

प्रश्न मोठ्यानं विचारायचा, गिऱ्हाइकासमोर विचारायचा आणि विचारताना हसायचं नाही, अशी पैज होती. जिंकणारीनं सांगितलेलं काम हरणारीनं मुकाट्यानं करायचं. लंबू आणि चिमणी, माझ्या वर्गातल्या दोघी, गॅरेजच्या मागच्या खिडकीबाहेर कान लावून उभ्या होत्या. माझी टरकेल असं त्यांना वाटलं होतं. पण अख्ख्या शाळेसमोर माईक धरून न अडखळता बोलले, तेव्हापासून मला टरकायला वेळच मिळालेला नाही.

बाबांच्या हातातला पाना थांबला. टॅक्सीवाले काका बोनेटला टेकून उभे होते, ते सरळ झाले. आईनं मात्र मांडीवरचा दिवा खाली ठेवला नाही.

"कोण म्हणतं?" ती रुमालाआडून म्हणाली.

"लंबू. तिनं खिडकीतून बघितलं. एकाच दिव्याचे सारखे घेत होतीस म्हणे."

आईनं रुमाल आणखी वर ओढला, आणि माझ्या लक्षात आलं की पापे मोजणाऱ्या लंबूला आमच्या घरातलं काहीच माहीत नाही.

आमचं गॅरेज घराला चिकटून आहे. इंजिन, ब्रेक, क्लच बाबांचे. दिवे आईचे. गाडीच्या दिव्याच्या काचेआड वाफ धरली, थेंब साचले की लोक दुरून आईकडे येतात. ती काच सोडवते, सुकवते, पुन्हा बसवते आणि मग खरी परीक्षा घेते. दिव्याला मागे दोन बारीक नळ्या असतात. आई त्यांना नाक म्हणते. एका नाकावर बोट ठेवायचं, दुसऱ्याला ओठ लावून अगदी हळू फुंकायचं, लगेच तेही बोटानं बंद करायचं आणि ओला केलेला गाल काचेच्या कडेनं फिरवायचा. जिथं गालाला गार लागेल, तिथून हवा निसटते, म्हणजे तिथूनच पाणी शिरतं. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाई दिव्याचे लाड करतेय. तशी करतेही.

पण महिन्यापूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या तोंडाच्या एकाच बाजूनं ओघळलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आहे, बहुतेक भरून येईल, वेळ लागेल. तेव्हापासून फुंकायला गेली की हवा दिव्यात जायच्या आधी ओठाच्या कोपऱ्यातून निघून जाते. तरी ती पुन्हा पुन्हा ओठ लावून बघते; लंबूनं बघितलेले पापे ते हेच. दारातलं स्वतःचं टेबल तिनं मागे, जुन्या टायरांच्या आड नेलं. तोंडावर रुमाल बांधला. कुणी विचारलं तर म्हणायची, धूळ फार झालीय.

"वहिनींना काय विचारतेस, मला विचार," टॅक्सीवाले काका म्हणाले. "परवाच या मालकांनी, तुझ्या बाबांनी, हा दिवा करून दिला. आज पहाटे पुलावर आत नुसतं धुकं. समोरचा सायकलवाला अंगावर आला तेव्हा दिसला."

"नवा बसवून देतो," बाबा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आणि खरं सांगू का, दिव्यांचं काम आता घ्यायचंच नाही म्हणतोय. हिलाही आराम."

आराम म्हणे. आई काच पुसत होती. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत होती.

"ए आगाऊ," ती म्हणाली. "हात धुऊन ये. तोंडपण धू. तूच घे आता पापा."

मी टेबलाशी येईपर्यंत तिनं दिवा उलटा केला होता आणि बाबांकडे बघत होती.

"अहो, हे काय केलंत?"

"काय केलं? मुंगी जाईल एवढी फट ठेवली नाही. सगळीकडे सीलंट भरलं."

"नाकांत पण?"

"पाणी तिथूनच जात असणार की."

"तुमचं नाक बांधून पळायला लावलं तर पळाल?"

"मी तसाही पळत नाही," बाबा म्हणाले. काका फिस्सकन हसले.

आईनं टाचणीनं सीलंट उकरायला घेतलं आणि मला सांगत गेली. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते, बाहेर निघते. विझला की बाहेरची आत येते. त्याला श्वास घ्यावाच लागतो. नाक बंद केलं तर आत शिरलेला ओलावा तिथंच कोंडतो आणि गार काचेवर येऊन बसतो. आणि बाबांनी एवढं लिंपूनही कुठंतरी फट राहिलीच होती, नाहीतर ओलावा शिरला कुठून?

"मग हवेचा कॉम्प्रेसर लावून शोधू की फट," बाबा म्हणाले.

"परत?" आईनं विचारलं. मागे त्यांनी लावला होता, तेव्हा काच फटकन सुटून बाहेर वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडली होती. बाबांनी पाना खिशात घातला.

नळ्या मोकळ्या झाल्या. गरम हवेनं दिवा आतून सुकवला. मागचं रबरी टोपण आईनं दाबून बसवलं. मी एका नाकावर बोट ठेवलं, दुसऱ्याला ओठ लावले आणि जीव खाऊन फुंकलं.

"वाढदिवसाची मेणबत्ती आहे का ती? झोपलेल्या बाळाच्या डोळ्यावरची माशी उडवतेस, तसं फुंक."

मी तसं फुंकलं. बराच वेळ फुंकलं. आईनं गाल ओला करायला हात पाण्यात बुडवला आणि थांबली. रुमाल मध्ये येत होता.

टॅक्सीवाले काका समोर होते. खिडकीत आता दोन वेण्या सरळसरळ दिसत होत्या. आईनं रुमाल सोडला. एका बाजूला ओढलेलं तोंड उजेडात आलं. काकांनी मान वळवली नाही, तिनंही नाही. आणि तिनं काचेच्या कडेला लावला तो डावा गाल. वाकडा.

मी फुंकता फुंकता डोळे मोठे केले. बाबांनी माझ्या मनातलं विचारलं, "अगं, त्या गालाला कळतं?"

"हलत नाही तो," आई म्हणाली. "कळतं सगळं."

गाल हळूहळू सरकत खालच्या कोपऱ्यापाशी आला. थांबला. थोडा मागे गेला, पुन्हा आला.

"इथं."

बाबांनी वाकून बघितलं. त्यांना काही दिसलं नाही, मलाही नाही. आईनं तेवढीच कड गरम करून उचलली. जुन्या गोंदाखाली केसाएवढी चीर निघाली. गोंद भरला, काच दाबली, चाप लावले. माझ्या तोंडाची वाफही गरम हवेनं बाहेर काढली. गोंद सुकेपर्यंत काकांनी बसून चहा घेतला. मग दिवा पेटवून तापवला, विझवला आणि वरून गार पाण्याची धार धरली. आम्ही सगळे काचेवर वाकलो. चिमणी तर खिडकीतून अर्धी आत आली होती.

काच स्वच्छ राहिली. आत आमचीच डोकी उलटी दिसत होती.

"वहिनी, उद्या डावा दिवापण आणतो," काका म्हणाले. मालकांना नाही, वहिनींना सांगितलं. आई हसली. हसू अर्ध्याच तोंडावर आलं, पण ते अख्ख्या गॅरेजला पुरलं.

संध्याकाळी आई टेबल आवरत होती. शटर ओढता ओढता बाबा म्हणाले, "आज जमलं म्हणा. पण रोज कोण फुंकणार?"

आईचा हात थांबला. मी टेबलावर चढून बसले, कारण काही गोष्टी उंचावरून सांगाव्या लागतात.

"दोघंही ऐका, माझं ठरलंय. उद्या शाळेच्या आधी हे टेबल पुन्हा दारात जाणार. बाबा, तुम्ही एक बाजू धरा. दुसरी लंबू आणि चिमणी धरतील, त्या पैज हरल्यात. शाळा सुटली की फुंकायला मी. आणि आई, तो रुमाल इकडे दे. काच पुसायला लागेल."