सातव्या दिवसाआधी

मित्रांनो, मी बोरूची एक जुनी पट्टी आहे. अ‍ॅटलासच्या डोंगरात, लल्ला तामूच्या घरी, दाराजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते. लल्ला आमच्या गावची हाडवैद्यीण. तिनेच मला ओढ्याकाठून कापून आणलं आणि घासून गुळगुळीत केलं.

मोडलेलं हाड ती बोटांनी चाचपून बसवी, अंड्याचा पांढरा बलक आणि पीठ माखलेली चिंधी गुंडाळी आणि वरून आम्हा पट्ट्यांना आवळी. मेंढपाळ, गवंडी, खेचरवाले, किती जणांना मी आधार दिला! बरा झालेला माणूस मला परत करायला यायचा तो साखरेची ढेप घेऊनच. तेव्हा मी जरा चढूनच गेले होते, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक रीत होती. बांधलेलं हाड सातव्या दिवसाआधी सोडायचं नाही, नाहीतर ते रुसतं म्हणत.

एकदा शेजारची नऊ वर्षांची इत्तो छपरावरून पडली आणि लल्लाने तिचा मोडलेला हात मला लावून बांधला. तिसऱ्या दिवशी तिचा हात माझ्याखाली सुजला, बोटं गार पडली. पोर कळवळत होती.

"लल्ला, जरा सैल करा ना," तिची आई म्हणाली.

"अगं, हाड जुळताना दुखणारच. चार दिवस कळ काढू दे तिला."

मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं? सातव्या दिवशी दोन बोटं काळी निघाली. शहरातल्या इस्पितळात ती कापावी लागली.

मग न्यायालयाचा मनाई हुकूम आला. परवान्याशिवाय लल्लाने कुणाच्याही हाडाला हात लावायचा नाही. तिने तो दोनदा वाचून घेतला आणि माझ्याच खिळ्याला अडकवला. त्यानंतर दार वाजेनासं झालं. ती एकच भाकरी भाजायची, तीही उरायची. अशी दोन वर्षं गेली. आम्ही दोघी फार एकट्या पडलो.

परवा लल्ला अंगणात घसरली आणि तिचंच मनगट मोडलं. हद्दू खेचरवाला धावत आला.

"तुमचा हात, तुम्हीच बांधा की! न्यायाधीश काय डोंगर चढून बघायला येणार आहे?"

लल्लाने माझ्याकडे पाहिलं. आता काढणार मला, असं वाटून मी हरखले.

"कुणाच्याही हाडाला, असं लिहिलंय, हद्दू. त्यात मीही आलेच. खेचर आण."

इस्पितळातून ती हाताला पांढरं प्लास्टर घालून परतली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. संध्याकाळी दार वाजलं. इत्तो होती. दोन वर्षांत ती या घराची पायरी चढली नव्हती. ती लल्लाजवळ बसली आणि आपल्या तीन बोटांच्या हाताने तिचं एकेक नख दाबून पाहू लागली.

"मुंग्या येतात का?"

"नाही गं."

"गुलाबी आहेत. सकाळी परत बघते."

"उद्याच येशील?"

"रोज बघायचं असतं, लल्ला."

लल्ला ढसाढसा रडली. इत्तो उठली नाही.

मी अजून खिळ्यालाच आहे. मला कुणी मागत नाही आणि मागूही नये. पण मित्रांनो, कुणाचं काही बांधलंत तर त्याची बोटं बघत जा. आणि दुखतंय म्हणून कुणी रडत असेल, तर ऐका. मी बोरूची, तरी मला ऐकू येत होतं.