नाणेफेकीचा कप

हिवाळ्यात पहाटे जळगावच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर मेहरूणच्या तलावाकडून आलेले धुके जमिनीला चिकटून असायचे, गोलचे खांबही दिसायचे नाहीत, पण त्या पांढुरक्या पडद्याआडून एक भरीव आवाज यायचा : धप्प. जमना चेंडू अडवत असायची. मुलींच्या फुटबॉल संघाची ही गोलकीपर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून आलेली. तिला दिलेले हातमोजे मुलांच्या संघाने टाकलेले, शिवण उसवलेले, म्हणून ती बहुधा उघड्या हातांनीच खेळायची. मराठी शिकवायला मी वर्गात शिरले की पहिल्या बाकावर ते तळवे दिसत, माती आणि रक्त यांच्या मधल्या रंगाचे. ती ते कधी लपवत नसे.

तिचे हे शेवटचे वर्ष. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे शिक, नाहीतर लग्न, असे तिच्या आबांनी बजावले होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता, निवड समिती येणार होती, आणि त्यांनी आपल्याला खेळताना पाहावे, एवढेच तिला हवे होते.

त्या सकाळी संघातल्या मुलींना नऊवारी नेसवून, हातात ओवाळणीची ताटे देऊन फाटकापाशी उभे केले. स्वागताला मुलीच शोभतात, असे क्रीडासंचालकांचे मत. मुलांचा संघ तिकडे झाडाखाली अंग मोकळे करत होता. या पोरींना आज खेळायचे आहे, असे मी म्हटले, तर वरातीतल्या घोड्याच्या दाण्यापाण्याची चौकशी केल्यासारखे संचालक माझ्याकडे पाहत राहिले. प्रमुख पाहुण्यांशिवाय सामना सुरू होणार नव्हता, आणि ते आले ऊन कलताना. निरांजने केव्हाच विझली होती, पेढ्यांवर माशा बसत होत्या आणि अत्तर, घाम नि कोमेजल्या झेंडूचा एकवटलेला वास माझ्या घशात अडकला. मला किळस आली, अगदी शिसारी. त्यानंतर भाषणे झाली, तीही स्त्रीशक्तीवर. ती संपेतो मुलांच्या सामन्याची वेळ झाली, म्हणून मुलींचा निकाल नाणेफेकीवर लावायचे ठरले. पाहुण्यांनी हसत हसत नाणे उडवले. आमचा संघ जिंकला, टाळ्या झाल्या, आणि निवड समिती चहाला गेली.

जमना कप घेऊन माझ्याजवळ आली. नऊवारीखाली तिने बूट घातलेले होते, नाड्या घट्ट बांधून.

"मॅडम, मी ते एक बी बॉल धरा नही," ती शांतपणे म्हणाली. "मंग हाऊ कप कसाना शे?"

एकही चेंडू न अडवता मिळालेला तो कप कशाचा, हे विचारून तिने तो माझ्या हातात ठेवला. तिची निवड झाली नाही. जिला खेळताना पाहिलेच नाही तिला निवडणार तरी कोण? उन्हाळ्यात तिचे लग्न झाले.

कार्यालयाबाहेर तिचे छायाचित्र अजून आहे : नऊवारी, कप, स्वच्छ तळव्यांवर सांडलेले कुंकू. नव्या मुली त्यापुढे थांबतात आणि शिपाई त्यांना अभिमानाने सांगतो, ही आपली विजेती. त्या चौकटीकडे पाहिले की तोच वास पुन्हा घशाशी येतो.

हिवाळा आला की मी उगाचच लवकर येते. काळ माणसे घेऊन जातो हे समजते, पण जे कधी घडूच दिले नाही त्याची आठवण माणसाने कुठे ठेवायची? मैदानाच्या टोकाला ते दोन खांब उभे असतात, आणि त्यांच्यामधून धुके कोणी न अडवता आत जाते.