गुलाबी पाण्यातला दोष

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पाणीबाबा काचेच्या वाडग्यात मूल नसलेल्या जोडप्यांचे हात बुडवून घेत होता. पाणी गुलाबी झालं की दोष त्या माणसात. बायकांच्या हातांनी ते दरवेळी गुलाबी होई. नवरे मात्र एकजात निर्दोष.

एका प्लंबरची आणि त्याच्या बायकोची पाळी आली. त्याच्या हाताने पाण्याचा रंग जराही बदलला नाही, बायकोच्या हाताने गुलाबी झालं. त्याला आतून हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"कूस रुसलीय," बाबा म्हणाला. "सात महिने माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचं."

"मी म्हणतच होते," सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या.

बायको बोटं चोळत होती. लॉन्ड्रीत तिची बारा वर्षं गेली होती. "दारात शुद्धीसाठी म्हणून फक्त बायकांचेच हात त्या बादलीत धुवायला लावले," ती म्हणाली. "त्यात धुण्याचा सोडा आहे. अहो, तुम्हीही धुवा."

प्लंबर घुटमळला. नऊ वर्षं तो आईचं बोलणं खाली मान घालून ऐकत आला होता. पण उठला, बादलीत हात धुऊन आला आणि त्याने ते नव्या वाडग्यात बुडवले. पाणी गुलाबी.

"बायकोची बाधा त्यालाही झाली," बाबा घाईने म्हणाला.

"मग तुम्हीही धुवा की," मागून कुणीतरी म्हणालं. बाबाला अचानक ध्यानाची वेळ आठवली.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि त्या पोटभर हसल्या. "वाडग्यात फिनॉल्फ्थॅलिन असणार. सोडा लागला की गुलाबी होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतं. आता तुमची तपासणी करू."

"माझी?" प्लंबरने विचारलं.

"मूल एकटीला होतं का?"

वीर्याच्या अहवालात शुक्राणू शून्य. सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथीच्या मागच्या बाजूला पाण्याची गाठ दिसली, जन्मापासूनची. तिने वीर्याच्या दोन्ही नळ्या दाबून धरल्या होत्या.

"उत्पादन चालू असावं, वाट बंद आहे," बाई म्हणाल्या. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून त्यांनी गाठ उघडली. दोन दिवसांत तो घरी आला. तीन महिन्यांनी शुक्राणू दिसले.

"आता मूल होणार ना?"

"शक्यता चांगली आहे. खात्री हवी असेल तर बाबाकडे जा."

दीड वर्षाने मुलगी झाली. सासूबाई म्हणाल्या, "बाबाचीच कृपा."

"आई, दोष माझ्यात होता," प्लंबर म्हणाला. "नऊ वर्षं बोलणी हिने खाल्ली. आधी हिची माफी माग. मीही मागतो."

मूल होत नसेल तर दोघांनीही तपासून घ्यावं. नवऱ्याची तपासणी तर फार सोपी. एवढ्यासाठी कुणाचे हात गुलाबी करायची गरज नाही.