लताबाईंचे कान

संजनाचा फोन येई तेव्हा लताबाई संगणकापासून दोन हातांवर बसलेल्या असत. जर्मनीत संजनाला तो वाजताना ऐकू येई. लताबाईंना ऐकू येत नसे. त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तर त्या मात्र लताबाई बसल्या जागेवरून मोजत.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. नाशिकरोडच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, लताबाईंच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. लताबाई निवृत्त विज्ञानशिक्षिका. यजमान वारले, मुलगी संजना नोकरीसाठी जर्मनीला गेली, आणि जाताना तिने संगणकावर इंटरनेटवरून बोलण्याचा एक प्रोग्रॅम टाकून दिला.

त्या दिवसांत माझा मान मोठा होता. संध्याकाळी संजनाची घंटी माझ्यातून वाजे आणि लताबाई हातातली भाजी टाकून धावत. रविवारी सकाळी बुद्धवंदना माझ्यातूनच निघे. मात्र एक अडचण होती. माझ्यातून निघालेला संजनाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरे आणि तिचा तिलाच परत ऐकू जाई. "आई, मी माझ्याशीच बोलतेय गं," ती वैतागे. म्हणून सुटीत आली तेव्हा तिने माइक असलेला हेडफोन आणला, संगणकाला जोडला, आईच्या डोक्यावर बसवून पाहिला आणि परत गेली. माझ्याकडे वंदना आणि जुनी गाणी उरली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

संजना गेल्यानंतर तिचे फोन लताबाईंना ऐकू येईनासे झाले. स्वतः लावलेला फोन मात्र लागे आणि नीट बोलणे होई. वीज वाया जाऊ नये म्हणून त्या संगणक चालू पण मॉनिटर बंद ठेवून समोर विणत बसत. तो लावला की त्यावर लिहिलेले असे: फोन येऊन गेला. मग संजना मोबाइलवर करी. ते महाग पडे, म्हणून बोलणे तोडून टाकल्यासारखे होई.

"आई, होतीस कुठे?"

"इथेच. टेबलाशी."

"मग उचलला का नाहीस?"

"वाजला नाही."

"इकडे चांगला वाजत होता! स्पीकर बंद असेल तुझा."

लताबाईंनी लगेच वंदना लावली. मी खणखणीत वाजलो. माझे निर्दोषत्व सिद्ध झाले. घंटी माझ्यापर्यंत येतच नव्हती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. संशय साहजिकच लताबाईंच्या कानांकडे वळला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासले. कान वयाच्या मानाने उत्तम निघाले. ही बातमी आनंदाची ठरायला हवी होती. पण कान चांगले असून ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक डोक्याचा विचार करू लागतात. घोटीहून लताबाईंचा धाकटा भाऊ पुंजाराम आला. चहा बशीत ओतत म्हणाला, "ताई, लय झालं आता. तिकडं पोरीचा जीव टांगणीला. उद्या गॅस चालू ठिवून इसरली म्हंजे? घराला कुलूप घाल अन् चल आमच्याकडं."

"गॅस कधी विसरले रे मी?"

"आजवर नाय. फोनबी आधी ऐकू येतच हुता ना?"

या तर्कात चूक आहे. वर्गात ती लताबाईंनी फळ्यावर मांडून दाखवली असती. त्या दिवशी त्या उठून गॅसचे बटण पाहून आल्या. मग स्वतःचीच परीक्षा घेऊ लागल्या. गॅसचे बटण पुन्हा पुन्हा पाहत. मूलद्रव्यांची नावे ओळीने म्हणत. एकदा मधेच अडखळल्या, तेव्हा विणकाम खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे पाहत बसल्या. मी वाजू शकतो. सांगू शकत नाही.

शेवटी त्यांनी होकार दिला. निघायच्या दिवशी पुंजाराम दारात पिशव्या बांधत होता. हेडफोन बरोबर घ्यावा म्हणून लताबाईंनी टेबलाचा खण उघडला. त्यांची रीत ठरलेली होती. बोलणे संपले की हेडफोन पुसायचा, यजमानांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळायचा आणि धूळ लागू नये म्हणून खणात ठेवून खण घट्ट लावायचा. तार तेवढी मागच्या फटीतून संगणकाला जोडलेली राही. मुलीने आणलेली वस्तू होती.

रुमालातून डासासारखा बारीक आवाज येत होता.

लताबाईंनी हेडफोन उचलला नाही. त्यांनी खण लावला. आवाज थांबला. उघडला. आवाज आला. पुन्हा लावला.

"ताई, काय चाललंय? एसटी जाईल ना!"

"थांब रे पुंज्या. प्रयोग चाललाय."

पुन्हा खण उघडून त्यांनी मॉनिटर लावला, हेडफोन डोक्यावर चढवला आणि फोन घेतला. "संजना, माझं डोकं ठिकाणावर आहे," त्या म्हणाल्या. मग मास्तरणीच्या आवाजात विचारले, "हे जोडलंस तेव्हा घंटी कुठे वाजेल, ते पाहिलं होतंस का?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही. ते हेडफोनमध्ये होते. दारात पुंजाराम न सांगता पिशवीची गाठ सोडू लागला.

मित्रांनो, वस्तू अवश्य जपा. पण माणसाला सदोष ठरवण्यापूर्वी तार कुठे जाते ते पाहा. कारण असे होते: हेडफोन जोडल्यावर त्या प्रोग्रॅमने बोलण्याबरोबर घंटीही माझ्याकडून काढून हेडफोनकडे दिली. गाणी माझ्याकडेच राहिली, म्हणून कोणाला शंका आली नाही. हेडफोन रुमालात होता, रुमाल खणात होता, आणि खण बंद होता.